इंडेंट ते पर्चेस ऑर्डर: ४७ चौकोनांचा फ्लोचार्ट झाला, पण उशीर कुठे होतो ते दिसत नाही

आवक_जावक

नमस्कार मंडळी. खरेदी विभागाचा प्रोसेस मॅप काढायचं काम हाती आहे. एखाद्या विभागाने इंडेंट (वस्तूंची लेखी मागणी) लिहिल्यापासून पर्चेस ऑर्डर (खरेदीचा आदेश) व्हेंडरकडे, म्हणजे पुरवठादाराकडे, जाईपर्यंत रजिस्टरप्रमाणे सरासरी १८ कामाचे दिवस लागतात, ते कमी करायचे आहेत. महिन्याला साधारण १२० इंडेंट येतात. महिन्याचे कामाचे दिवस २४, आठवड्याचे ६.

कार्यपद्धतीची पुस्तिका समोर ठेवून आणि विभागप्रमुखांना विचारून फ्लोचार्ट तयार केला. ४७ चौकोन, ११ डायमंड (हो-नाही निर्णयाच्या खुणा), तीन पानं. ज्याला दाखवावा तो ‘बरोबर आहे’ म्हणतो. पण १८ दिवस जातात कुठे, हे तो बघून कुणालाच सांगता येत नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. तपशील किती खोल न्यायचा? माहिती नक्की कुणाकडून घ्यायची? वेळ मॅपवर कशी मांडायची? आणि बीपीएमएन (प्रक्रियेच्या आकृत्या काढायची प्रमाण चिन्हभाषा) शिकून एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तर फरक पडेल का?

कागदावर_आधी

पुस्तिकेवरून काढलेला मॅप पुस्तिकेइतकाच बरोबर असतो, म्हणून सगळे मान डोलावतात. काम कसं व्हावं ते त्यात असतं. इंडेंट अर्धवट भरलंय म्हणून परत जातं, कुणाच्या तरी टेबलावर चार दिवस पडून राहतं, मग फोनाफोनी करून पुढे सरकतं, यातलं काही पुस्तिकेत नसतं. दिवस नेमके तिथे जातात. तो फ्लोचार्ट बाजूला ठेवा, फेकू नका. पुढे ‘ठरलेलं’ आणि ‘चाललेलं’ यांतला फरक दाखवायला तो लागेल.

पहिल्यांदा एका पानावर हद्द आखून घ्या. सुरुवात म्हणजे नक्की कोणता क्षण: इंडेंटवर तारीख पडते तो, की खरेदी विभाग नोंद करतो तो? शेवट म्हणजे ऑर्डरवर सही होते तो, की व्हेंडरला ईमेल जातो तो? दोन माणसं दोन वेगळे क्षण धरून बोलत असली तर वाद कधीच संपत नाही. त्याच पानावर पाच ते सात ठळक टप्पे, काम कोण देतं आणि शेवटी कुणाच्या हातात पडतं, एवढंच लिहा. अपवादाला इथे जागा देऊ नका.

मग खालच्या पातळीचा मॅप. त्यासाठी १५ ते २५ पायऱ्या पुरतात. किती बारीक जायचं याची सोपी कसोटी अशी: काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, किंवा थांबलं, किंवा परत फिरलं, की नवी पायरी. एकाच माणसाने एका बैठकीत केलेलं सगळं एका चौकोनात. ‘संगणक सुरू करणे, लॉगिन करणे, फॉर्म उघडणे’ असे तीन चौकोन केलेत तर ४७ होणारच, आणि त्या गर्दीत ‘सहीसाठी थांबले’ ही पायरी हरवते.

माहिती कुणाकडून, याचं उत्तर: आधी फायलीकडून, मग माणसाकडून. नुकत्याच पूर्ण झालेल्या दहा फायली घ्या. निवडून घेऊ नका, रजिस्टरमधली दर दहावी किंवा बारावी नोंद धरा. प्रत्येक फाईल पहिल्या पानापासून बघा. आद्याक्षरांखाली तारीख असते ती टिपा. आवक शिक्का आणि सही यांच्या तारखांतलं अंतर म्हणजे त्या टेबलावरचा मुक्काम. शेऱ्यात ‘चर्चा करावी’ असेल तर तिथे फाईल थांबलेली असते, आणि चर्चेची तारीख कुणीच लिहीत नाही. कागदाचा वरचा डावा कोपरा बघा. स्टेपलची दोन भोकं असली तर तो कागद एकदाच लागलाय. सहा-आठ भोकं दिसली तर कागद सुटा करून पुन्हा लावला गेलाय, म्हणजे बहुधा फाईल परत गेली होती. तुलनात्मक तक्त्याच्या (व्हेंडरांचे दर शेजारी-शेजारी मांडलेल्या) पानावर ही भोकं सगळ्यात जास्त सापडतात. कागदी फाईल नसेल तर ईमेलची साखळी तेच सांगते: एका विषयावर किती उत्तरं गेली-आली ते मोजा.

त्यानंतर प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या टेबलापाशी बसा. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलंत तर उत्तर ‘साधारणपणे’ने सुरू होईल आणि पुन्हा पुस्तिका ऐकायला मिळेल. ‘शेवटचं इंडेंट कोणतं हाताळलं ते दाखवा’ म्हणा. ते समोर आलं की विचारा: हे तुमच्याकडे कसं आलं? आल्यावर सगळ्यात आधी काय बघता? काय कमी होतं? कुणाला फोन केलात? पुढे गेल्याचं तुम्हाला कसं कळलं? त्या वेळी साहेबांनी शेजारी उभं राहू नये, ही विनंती आधीच करून ठेवा. वरिष्ठांसमोर कुणीही आडवाट सांगत नाही, आणि तुम्हाला तर आडवाटाच हव्या आहेत.

शेवटी भिंतीवर मांडणी. ब्राऊन पेपरचा मोठा तुकडा लावा, आडव्या पट्ट्या आखा, एकेका भूमिकेला एक पट्टी: मागणी करणारा विभाग, स्टोअर, खरेदी, वित्त, मंजुरी देणारे अधिकारी, व्हेंडर. हीच स्विमलेन. पट्टीवर माणसाचं नाव टाकू नका, भूमिका लिहा. नाव टाकलं की मॅप आरोपपत्र वाटायला लागतो. चिकटचिठ्ठीवर एक क्रियापद आणि एक वस्तू: ‘साठा तपासणे’, ‘दर मागवणे’. ‘स्टोअर प्रक्रिया’ असं लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. डावीकडून उजवीकडे जा. बाण शेवटपर्यंत पेन्सिलनेच काढा, कारण चिठ्ठ्या किमान तीनदा जागा बदलतात. अडचणींसाठी वेगळ्या रंगाची चिठ्ठी. सहा ते आठ माणसं, दीड तासाची एक बैठक, दोन-तीन दिवसांनी तेवढीच दुसरी. मधल्या दिवसांत लोक जाता-येता बघतात आणि ‘अहो, हे असं नसतं’ म्हणून दुरुस्ती सांगतात. सगळ्यात चांगली माहिती याच वेळात मिळते, म्हणून तो कागद कपाटात ठेवू नका.

मांडून झाल्यावर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणारे बाण मोजा. तेवढ्या वेळा काम हात बदलतं आणि तेवढ्या ठिकाणी रांग लागू शकते. प्रत्येक डायमंडला किमान दोन वाटा आहेत का, आणि ‘नाही’ची वाट कुठे जाते, तेही बघा. ‘नाही’चा बाण हवेत संपत असेल तर तिथे खरं काय होतं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मोजपट्टी

वरचं सगळं करा. मी फक्त वेळेबद्दल लिहितो, कारण बहुतेक मॅप इथेच कोरे राहतात.

प्रत्येक पायरीला तीन आकडे हवेत. एक, हात लागलेला वेळ: माणूस प्रत्यक्ष त्या कामावर किती मिनिटं बसला. दोन, त्या पायरीआधी काम किती वेळ पडून होतं. तीन, आलेल्यांपैकी किती टक्के कामं काही विचारावं न लागता, परत पाठवावं न लागता पुढे नेता आली. पहिले दोन चौकोनात कोंबू नका. मिनिटं चौकोनाखाली लिहा आणि थांबलेला वेळ बाणावर लिहा. असं लिहिलं की मॅपकडे बघणाऱ्याची नजर आपोआप बाणांकडे जाते.

उदाहरणाला असे आकडे धरा: इंडेंट भरणे १५ मिनिटं, विभागप्रमुखांची सही ५, साठा तपासणे २०, खरेदीत नोंद १०, दर मागवणे ३०, तुलनात्मक तक्ता ४५, वित्ताची तपासणी १५, अंतिम सही ५, ऑर्डर तयार करून पाठवणे २०. बेरीज १६५ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तास. आठ तासांचा दिवस धरला तर १८ दिवसांची होतात ८,६४० मिनिटं. हात लागलेला वेळ दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे सगळ्यांनी दुप्पट वेगाने काम केलं तरी १८ दिवसांतले जेमतेम दीड तास वाचतील. ‘लोकांनी जरा हात चालवावा’ असं कुणी म्हणालं की हा हिशेब पुढे करा.

तिसऱ्या आकड्याचं काय होतं ते बघा. समजा इंडेंट १०० पैकी ७० वेळा पूर्ण भरलेलं येतं, तक्ता ८५ वेळा बिनचूक असतो, वित्ताकडून ८० वेळा शंका येत नाही, ऑर्डर ९५ वेळा बरोबर निघते. प्रत्येक टेबलाला आपला आकडा ठीकच वाटतो. पण ०.७० × ०.८५ × ०.८० × ०.९५ = ०.४५. म्हणजे शंभरातली ४५ इंडेंटच कुठेही न अडखळता पार होतात. उरलेली ५५ कुठे ना कुठे मागे फिरतात, आणि मागे फिरलेलं काम पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसतं. (गुणाकार करताना एका ठिकाणच्या चुकीचा दुसरीशी संबंध नाही असं धरलंय. प्रत्यक्षात वाईट भरलेलं इंडेंट सगळीकडेच अडतं, तेव्हा आकडा थोडा वेगळा येईल. खरा आकडा दहा फायलींतून मोजा.)

आणि एक पडताळणी आजच करा. १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम: अडकलेली कामं = दररोज येणारी कामं × प्रत्येक कामाला लागणारे दिवस. येणारी आणि जाणारी कामं दीर्घ काळात सारखी असली की तो लागू पडतो, मध्ये काय प्रक्रिया आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्याकडे रोज ५ इंडेंट येतात आणि १८ दिवस लागतात, तर आत्ता सगळी टेबलं मिळून साधारण ९० इंडेंट पडलेली असायला हवीत. सगळीकडे फिरून मोजा. विभागांतली, स्टोअरमधली, ट्रेमधली, मेलबॉक्समधली, सगळी. आकडा ९०च्या आसपास आला तर रजिस्टरवर विश्वास ठेवा.

सरासरीबरोबर मधला आकडाही काढा: सगळ्या फायली दिवसांच्या क्रमाने लावा आणि बरोबर मधली बघा. थोड्या फायली ६० दिवस अडकल्या की सरासरी फुगते. बहुतेक कामं १२ दिवसांत होत असतील तर इलाज वेगळा, सगळीच १८ दिवस घेत असतील तर वेगळा. ‘कागदावर_आधी’ यांनी पूर्ण झालेल्या फायली घ्यायला सांगितलंय, त्यात एक भर घालतो: सगळ्यात जुन्या पाच अपूर्ण फायलीही घ्या. फक्त पूर्ण झालेल्याच बघितल्या तर सगळ्यात वाईट अडकलेल्या तुमच्या नजरेतून सुटतात.

आवक_जावक

मोजलं. १३० निघाली. त्यातली ३८ मागणी करणाऱ्या विभागांतच होती: काहींवर विभागप्रमुखांची सही व्हायची होती, काही स्टोअरने ‘स्पेसिफिकेशन लिहा’ म्हणून परत केलेली. खरेदीच्या रजिस्टरमध्ये यांची नोंदच नाही.

मोजपट्टी

मग १३० भागिले ५, म्हणजे २६ दिवस. उरलेली ९२ भागिले ५ केली तर १८.४, म्हणजे रजिस्टर आपल्या जागी बरोबर आहे. ते फक्त उशिरा सुरू होतं. इंडेंट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने साडेसात दिवस घड्याळ सुरू व्हायच्या आधीच गेलेले असतात. हद्द इंडेंटवरच्या तारखेपासूनच धरा, नाहीतर खरेदीत कितीही सुधारणा केली तरी विभाग म्हणत राहतील की काहीच फरक नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं असेल.

खुणा_आणि_रेघा

चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिलाय, तो मी घेतो.

बीपीएमएन ही चांगली भाषा आहे. २.० आवृत्ती २०११ची, आणि २०१३पासून ती आयएसओचंही मानक आहे. पण तिचा खरा उपयोग प्रक्रिया सॉफ्टवेअरमध्ये चालवायची असते तेव्हा, किंवा अनेक गटांनी एकच आकृती एकाच अर्थाने वाचायची असते तेव्हा. तुम्हाला आत्ता लागतील एवढ्याच खुणा शिका: पातळ वर्तुळ सुरुवात, जाड वर्तुळ शेवट, गोल कोपऱ्यांचा चौकोन काम, डायमंडमध्ये फुली असेल तर अनेकांतली एकच वाट, अधिक चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकाच वेळी. नवशिक्यांची हमखास होणारी चूक व्हेंडरच्या बाबतीत असते. व्हेंडर ही बाहेरची संस्था, तिचा पूल (एका संस्थेच्या सगळ्या पट्ट्यांची चौकट) वेगळा. पूलच्या हद्दीतून कामाचा अखंड बाण जात नाही. तिथे तुटक रेघेचा संदेश-बाण काढायचा. तुमची पट्टी व्हेंडरला कामाला लावत नाही, फक्त निरोप पाठवते आणि उत्तराची वाट बघते, आणि ही वाट बघणं आकृतीत दिसायला हवं.

उशीर शोधायचा असेल तर मात्र त्याहून जुनं साधन अधिक कामाचं आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला. पुढे १९४७मध्ये त्याच संस्थेने पाच खुणा प्रमाण केल्या: वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे ने-आण, चौरस म्हणजे तपासणी, इंग्रजी डी अक्षर म्हणजे खोळंबा, उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. तुमच्या ४७ चौकोनांत खोळंब्याला खूणच नाही, मग तो दिसणार कसा?

हा चार्ट स्प्रेडशीटमध्ये होतो. एका ओळीत एक पायरी. रकाने: क्रमांक, पायरी, भूमिका, पाचांपैकी खूण, मिनिटं, थांबलेले तास, अंतर किंवा माध्यम (हातोहात, ईमेल, शिपाई), शेरा. एकाच फाईलचा प्रवास वरपासून खाली लिहून काढा, मग खुणा मोजा. कार्यालयीन कामात वर्तुळं पाच-सहा आणि डी पंधरा, असं चित्र सर्रास दिसतं. स्विमलेन बैठकीसाठी ठेवा, हा तक्ता हिशेबासाठी. दोन्ही कागदावर पक्के झाले की मग कोणत्याही ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. आधी सॉफ्टवेअरमध्ये काढलेली आकृती इतकी नेटकी दिसते की लोक तिच्यात दुरुस्ती सुचवायला कचरतात.

लॉगवाचक

इंडेंट ईआरपीमध्ये (संस्थेचे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भरत असाल तर प्रोसेस मायनिंगचाही, म्हणजे त्यातल्या नोंदींवरूनच मॅप काढण्याचाही, विचार करा. किमान तीन रकाने लागतात: प्रकरणाचा क्रमांक, घडलेली गोष्ट, तारीख-वेळ. चौथा, कुणी केलं. एवढ्यावरून कामाच्या खऱ्या वाटा निघतात, आणि त्या कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसतात.

पण वेळेचे ठसे आंधळेपणाने घेऊ नका. संध्याकाळी पाचनंतर एकाच वापरकर्त्याच्या २०-३० मंजुऱ्या दोन-चार मिनिटांत पडलेल्या दिसल्या, तर तो नोंद करण्याचा क्षण आहे, निर्णय आधीच झालेला असतो. आणखी एक: इंडेंट क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक एकास एक जुळत नाहीत. तीन इंडेंट एका ऑर्डरमध्ये जातात, एक इंडेंट दोन व्हेंडरांत फुटतं. कशाला ‘एक प्रकरण’ म्हणायचं ते आधी ठरवा. इथे घोळ झाला तर निघणारा मॅप म्हणजे सुतळीचा गुंता.

आवक_जावक

दहा पूर्ण आणि पाच जुन्या फायलींचा तक्ता केला. मोठे मुक्काम असे: विभागप्रमुखांची सही, स्टोअरकडून परत येणं, कोटेशनची वाट बघणं, खरेदी समिती (आठवड्यातून एकदा बसते), वित्त (आठवड्यातून दोनदा सह्या). १५ पैकी ९ फायली किमान एकदा परत गेलेल्या. आता यातलं आधी काय धरायचं?

तिसरी_प्रत

क्रम असा ठेवा: काढून टाकता येतं का, एकत्र करता येतं का, जागा बदलता येते का, आणि शेवटी सोपं करता येतं का. लोक शेवटून सुरुवात करतात, म्हणजे मुळातच नको असलेल्या पायरीसाठी सुंदर फॉर्म बनवतात.

परत जाणाऱ्या फायली सगळ्यात आधी घ्या, कारण त्या बाकी सगळ्या रांगा वाढवतात. मागच्या ४० परताव्यांची कारणं एका कागदावर उभ्या रेघा मारत मोजा. बहुधा दोन-तीन कारणांतच बहुतेक सगळं येईल: स्पेसिफिकेशन अपुरं, मटेरियल कोड नाही, खर्चाचं शीर्ष (बजेटमधलं खातं) चुकलं. मग फॉर्ममध्येच त्याचा बंदोबस्त करा. ‘स्पेसिफिकेशन’ असा एक रिकामा चौकोन ठेवला तर लोक ‘नेहमीचं’ असं लिहितात. त्याजागी माप, मटेरियल, मॉडेल किंवा ड्रॉइंग क्रमांक, जुन्या ऑर्डरचा क्रमांक असे वेगळे रकाने करा. खर्चाचं शीर्ष विभागानुसार यादीतून निवडायला द्या, हाताने लिहायला नको.

मग ठरावीक दिवशी होणारी कामं. समिती दर ६ दिवसांनी बसते, तर केव्हाही आलेल्या फाईलचे सरासरी ३ दिवस नुसते थांबण्यात जातात. वित्ताच्या सह्या दर ३ दिवसांनी, तर दीड दिवस. कुणीही आळशी नसताना हे साडेचार दिवस गेले, आणि शंका काढून परत आलेल्या फाईलचे ते पुन्हा जातात. वित्ताची सही रोज दुपारी अर्धा तास केली तर तो दीड दिवस अर्ध्या दिवसावर येतो, कामाचा एकूण भार तेवढाच राहतो. इथे माणूस वाढवावा लागत नाही, फक्त वेळापत्रक बदलावं लागतं.

समितीबद्दल एक प्रश्न विचारा: मागच्या १०० प्रकरणांत समितीने किती वेळा निर्णय बदलला? एखाद्या रकमेच्या खालच्या प्रकरणांत एकदाही नसेल तर तिथे ती मंजुरी देत नाही, माहिती घेते. माहिती महिन्याच्या यादीतून देता येते. रकमेची मर्यादा मात्र मनाने ठरवू नका. प्रकरणं रकमेच्या चढत्या क्रमाने लावा. बहुतेक ठिकाणी छोट्या रकमेची प्रकरणं संख्येने खूप आणि एकूण खर्चात थोडी असतात. जिथे संख्या भरपूर उतरते आणि खर्चाचा भाग नगण्य राहतो तिथे रेघ मारा आणि ती नियमानुसार लेखी मंजूर करून घ्या.

कोटेशनची वाट बघणं वारंवार लागणाऱ्या वस्तूंपुरतं संपवता येतं. वर्षभराची इंडेंट वस्तूनुसार मोजा. त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांचा वर्षाचा दर-करार केला की दर मागवणे, वाट बघणे, तक्ता, समिती, चारही टप्पे त्या वस्तूंच्या वाटेतून निघून जातात. मॅपवर ही सरळ दुसरी वाट दाखवा. इंडेंट आल्याबरोबर पहिला डायमंड: ‘दर-करारात आहे का?’

विभागप्रमुखांची सही आणि साठा तपासणं एकाच वेळी करावं असं कुणीतरी सुचवेल. मोह आवरा, आधी मोजा. प्रमुख शंभरातली २-३ इंडेंट नाकारत असतील तर जरूर एकाच वेळी करा. २५ नाकारत असतील तर स्टोअरची तेवढी मेहनत फुकट जाईल.

मोजपट्टी

यात एक जोडतो, तुलनात्मक तक्ता करणाऱ्या टेबलाबद्दल. तिथे एकच माणूस असेल आणि त्याचा दिवस गच्च भरलेला असेल, तर तिथली रांग कुठल्याही वेळापत्रकाने हटणार नाही. कामं अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर एका टेबलापुढचं सरासरी थांबणं असं वाढतं: दिवसाचा ८० टक्के वेळ भरलेला असताना एका कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्के असताना ९ पट, ९५ टक्के असताना १९ पट. ४५ मिनिटांच्या तक्त्याला हे अनुक्रमे ३ तास, पावणेसात तास आणि सव्वाचौदा तास होतं. हे सोपं गणित आहे, प्रत्यक्षातला आकडा हलतो, पण वाढण्याची चाल हीच. म्हणून त्या टेबलावरून रोजचं अर्ध्या तासाचं एखादं भलतंच काम, समजा दैनिक अहवाल, दुसरीकडे हलवलं तरी रांग भरभर उतरते. ‘माणूस रिकामा दिसला नाही पाहिजे’ हा आग्रह धरणाऱ्यांना हे तीन आकडे दाखवा.

कागदावर_आधी

‘तिसरी_प्रत’ यांच्याशी सहमत, फक्त एक सावधगिरी. पायऱ्या काढताना तीन गोष्टी एका हातात येऊ देऊ नका: मागणी करणं, ती मंजूर करणं आणि आलेला माल ताब्यात घेणं. सह्या कमी करण्याच्या उत्साहात ही विभागणी मोडली तर पहिल्याच लेखापरीक्षणात सगळी सुधारणा मागे घ्यावी लागते. एखादी तपासणी काढण्याआधी ती का लावली होती, हे जुन्या माणसाला विचारा. कधीकाळी झालेल्या एखाद्या नुकसानीमुळे ती आलेली असते. ते कारण अजून शिल्लक आहे की नाही यावर निर्णय घ्या.

नवा मॅप एकदम सगळीकडे लावू नका. एकच विभाग किंवा एकच वस्तुगट घ्या, चार आठवडे चालवा. दिवसांचा मधला आकडा बघा. शंभर फायली क्रमाने लावल्या तर नव्वदावी किती दिवसांची आहे तेही बघा, आणि जोडीला चुकीच्या ऑर्डरींची संख्या. दिवस कमी झाले आणि चुका वाढल्या तर काहीतरी घाईने काढलंय. पहिले दोन आठवडे आकडे वाईट दिसू शकतात, कारण आधीचा साचलेला ढीग त्याच वाटेने निघत असतो. जुनी आणि नवी इंडेंट वेगळ्या रंगाच्या कागदावर किंवा वेगळ्या क्रममालिकेत ठेवा, म्हणजे हिशेब मिसळणार नाही.

आणि नवा फॉर्म लागू होईल त्याच दिवशी जुने छापील फॉर्म सगळ्या टेबलांच्या खणांतून गोळा करून आणा. खणात गठ्ठा शिल्लक राहिला तर तो संपेपर्यंत लोक तोच वापरतात.